मासिक अहवालात समाविष्ट

रत्नप्रभा सोनटक्के तीन वर्षं आजारी होती आणि तीन वर्षं तिच्यावर उपचार चालू होते. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जो तो तिलाच विचारायचा की बाई, तुम्ही वेळेवर डॉक्टरकडे का गेला नाहीत.

ती गेली होती. भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तिचं क्वार्टर होतं आणि कारखान्याचा दवाखाना तिथून चालत सात मिनिटांवर. नवरा नीळकंठ कारखान्यात चार्जमन होता. दोन हजार एक साली तो टीबीनं गेला, निदान तिला तसं सांगण्यात आलं. मग अनुकंपेवर तिला टाउनशिपच्याच इस्टेट ऑफिसात कारकुनी मिळाली. कुणाचा नळ गळतोय, कुणाचं छत टपकतंय, कुणाला वरच्या टाइपचं क्वार्टर हवंय, हे सगळे अर्ज तिच्या टेबलावरून जायचे. पोरगी अलका तेव्हा शाळेत होती. रत्नप्रभानं ती नोकरीही निभावली आणि पोरगीही वाढवली. आजारी पडायला तिला वेळच नव्हता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पोट बिघडलं ते कायमचंच बिघडलं. दवाखान्यात जंतावरच्या गोळ्या दिल्या, मग आमांशाच्या, मग पुन्हा जंतावरच्या. ऑक्टोबरात पाठीवरून पोटापर्यंत नागीण उठली. मलम मिळालं. पुढच्या वर्षी ताप यायला लागला, टायफॉइड ठरला. वजन बासष्टवरून बावन्नवर आलं, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं की या वयात पाळी जाताना असं होतं, आणि शिवाय एकट्या बाईला टेन्शन असतंच. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. तोंडात पांढरा थर धरू लागला, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यावर बी-कॉम्प्लेक्स. रक्त तर इतक्या वेळा काढलं की दंडाची शीर दोरीसारखी कडक झाली. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, कावीळ तपासली. एक तपासणी मात्र कुणी केली नाही. चतुर्थी करणारी, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पुढे होऊन खपणारी, पन्नाशीची विधवा. असल्या बाईला असलं काही विचारायचं कसं? कुणी विचारलं नाही. त्यांना विचारायची लाज वाटली आणि तिचं वजन एकेचाळीसवर आलं.

शेवटी अलकाच तडकली. ती आता बावीस वर्षांची होती आणि शहरात एका ऑफिसात कामाला लागली होती.

"आई, बस झालं," ती म्हणाली. "या दवाखान्याचं नाव नको काढूस आता. उद्या छुट्टी टाक."

तिनं आईला रिक्षात घालून शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं रत्नप्रभाला तोंड उघडायला सांगितलं, टॉर्च मारला, पाठीवरचे नागिणीचे वण बघितले आणि एका चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहिला. मिनिटभर लागलं असेल. तीन वर्षांत कुणाला जमलं नाही ते त्या पोरानं मिनिटभरात केलं.

त्या खोलीत शोभा नावाची समुपदेशक बसायची. तिनं दार लावून घेतलं, कसली तपासणी आहे ते नीट सांगितलं, परवानगी घेतली. भिंतीवर एक मोठा तक्ता होता. भारत, नेपाळ, बांगलादेश, अशी शेजारशेजारच्या देशांची नावं आणि पुढे आकड्यांचे रकाने. निकालाची वाट बघत रत्नप्रभा तो वाचत बसली. एका रकान्यावर लिहिलं होतं: उशिरा निदान झालेले. सगळ्याच देशांपुढे त्या रकान्यात आकडे होते, आणि ते काही लहान नव्हते.

शोभानं निकाल सांगितला तेव्हा तिनं आवाज बारीक केला नाही की मान खाली घातली नाही. एचआयव्ही आहे, म्हणाली. आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी मोजल्या, त्या पाचशेच्या पुढे असायला हव्यात, तुमच्या त्रेपन्न आहेत. औषध आहे, फुकट आहे, जन्मभर घ्यावं लागेल. पण तुम्ही फार उशिरा आलात.

"मी उशिरा नाही आले," रत्नप्रभा म्हणाली. "मी तीन वर्षं रांगेतच उभी आहे."

शोभानं विचारलं, "यजमान कशानं गेले?"

"टीबीनं, म्हणाले."

शोभानं कागदावर टीबी लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यावरून रत्नप्रभाला कळायचं ते कळलं.

अलकाचीही तपासणी झाली. तो अर्धा तास रत्नप्रभा बाकावर दोन्ही हातांनी कड धरून बसली होती. पोरगी बाहेर आली आणि मान हलवून "नाही" म्हणाली, तेव्हा कुठं तिला रडू आलं. नंतर मात्र ती बरेच दिवस रडली नाही.

पहिला राग नीळकंठवर निघाला. घरी आल्यावर तिनं भिंतीवरची त्याची तसबीर उतरवली आणि पलंगाखाली सारली. त्यानं कुठून आणलं असेल हे? कारखान्याच्या कामासाठी तो महिनोन्महिने दूरच्या साइटवर असायचा. पंच्याण्णव साली स्कूटरच्या अपघातात त्याला तीन बाटल्या रक्तही चढवलं होतं. काहीही असू शकत होतं. चार दिवस तिनं डोकं पिकवलं आणि पाचव्या दिवशी सोडून दिलं. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही.

त्याच आठवड्यात धाकटे दीर आले. दत्तात्रय सोनटक्के राज्य सरकारच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. जवाहर चौकाजवळ सरकारी क्वार्टर होतं, मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते. भाऊ गेल्यापासून दर सणाला येऊन वहिनीची विचारपूस करणारा माणूस. अलकानं त्यांना फोनवर इतकंच सांगितलं होतं की आईच्या आजाराचं कळलंय, काका, तुम्ही या. ते आले, खुर्चीत बसले, पाण्याचा पेला हातात घेतला. कोणता आजार, असं त्यांनी विचारलंच नाही.

"तुम्हाला सांगितलं कुणी, वहिनी?" ते म्हणाले. "दवाखान्यानं? त्यांनी तर शब्द दिला होता."

पेला अर्धा प्यालेला तसाच त्यांच्या हातात राहिला. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं, पण शब्द परत गिळता येत नाहीत.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नीळकंठच्या शेवटच्या दुखण्यात कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर घाट्यांनी तपासणी केली होती. निकाल त्यांनी नीळकंठला सांगितला आणि दत्तात्रयांना. नीळकंठनं हात जोडले, रत्नाला सांगू नका. दत्तात्रयांनीही तेच म्हटलं. त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा लग्नाची होती. मंडळात, कॉलनीत, नागपूरच्या नातेवाइकांत कळलं असतं तर घराण्याचं काय झालं असतं? वहिनीला दुःख होऊ नये, हेही होतंच, असं ते दोनदा म्हणाले.

"आठ वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवून गेलात," रत्नप्रभा म्हणाली. "मी वाळत चालले होते ते तुम्हाला दिसत होतं. तेव्हा तुम्हाला काय वाटायचं, भाऊजी?"

ते म्हणाले, वाटायचं की नसेलही. सगळ्यांनाच होतं असं थोडंच आहे.

"या आता," ती म्हणाली. "आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नका."

तिनं त्यांना पुढे कधीच बोलावलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना वाईट गेला. उलट्या व्हायच्या, अंगावर पुरळ आलं, स्वप्नं अशी पडायची की झोपेची भीती वाटू लागली. पण दुसऱ्या महिन्यात तोंडातला थर गेला. कित्येक दिवसांनी तिनं वरणभातावर लिंबू पिळून खाल्लं आणि ते झोंबलं नाही. अंगात ताकद यायला लागली, तसा रागही अंगात भरत गेला.

ती कारकून होती. कागद कुठं जातो, कुठं अडकतो आणि कसा ओढून काढायचा, हे तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याच्या आजारपणाची फाइल मागितली. दवाखान्याच्या रेकॉर्डवाल्यानं सांगितलं, जुनी फाइल मिळणार नाही, उंदरांनी खाल्ली. तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उंदरांनी खाल्लेली फाइल सत्ताविसाव्या दिवशी मिळाली.

तिसऱ्या पानावर तो निकाल होता. खाली डॉक्टर घाट्यांच्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की नातेवाइकांच्या विनंतीवरून पत्नीस कळवू नये. शेजारी त्यांची सही आणि दत्तात्रयांची सही. आणि त्याच्याही खाली वेगळ्या शाईत आणखी एक नोंद: मासिक अहवालात समाविष्ट.

तिनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. म्हणजे नीळकंठचा आकडा वर गेला होता. भोपाळहून पुढे, कदाचित दिल्लीपर्यंत. कुण्या साहेबानं तो बेरजेत धरला असेल, त्याचा आलेख निघाला असेल, तसल्याच एखाद्या तक्त्यावर तो चढला असेल. तिला ओळखतही नसलेल्या माणसांपर्यंत तिच्या घरातली बातमी पोचली होती. फक्त मधल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत ती आली नव्हती.

डॉक्टर गोविंद घाटे निवृत्त होऊन शाहपुऱ्यात राहत होते. गच्चीवरून तळं दिसायचं. ती एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गेली. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग म्हणाले, "अहो, सोनटक्के वहिनी. किती वाळलात." आणि आत चहा सांगितला. तिनं फोटोकॉपी टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला आणि बरंच बोलले. तो काळ वेगळा होता, म्हणाले. एका कामगाराचं असं कळलं, तर शेजाऱ्यांनी नळावर पाणी भरू दिलं नव्हतं. तो गेला तेव्हा खांदा द्यायला कुणी पुढे आलं नाही. अलका शाळेत होती, तिला कुणी वर्गात बसू दिलं असतं का? हे सगळं डोळ्यांसमोर होतं.

"नीळकंठनं माझे पाय धरले होते, वहिनी. म्हणाला, तिला कळलं तर ती जीव देईल."

"तो मरत होता, डॉक्टर. मरणारा माणूस काहीही मागतो. तुम्ही नव्हता मरत."

"तेव्हा औषधच नव्हतं. म्हणजे आपल्या ऐपतीतलं. सांगून मी तुमच्या हातात काय दिलं असतं?"

"तेव्हा नव्हतं. दोन हजार चारपासून सरकार फुकट द्यायला लागलं, ते मीही आता वाचलंय. तुम्ही दोन हजार सातला रिटायर झालात. मधल्या काळात मी तुमच्याच ओपीडीत होते. नागीण झाली तेव्हा मलम तुम्ही लिहून दिलंत. माझ्या कार्डावर तुमचं अक्षर आहे. तेव्हा तुम्हाला नीळकंठ आठवला नाही?"

डॉक्टरांनी चष्मा मिटून टेबलावर ठेवला. ते खोटं बोलले असते तर रत्नप्रभाला सोपं गेलं असतं.

"आठवला होता," ते म्हणाले.

"मग?"

"मग वाटलं, आता सांगितलं तर तुम्ही विचाराल, आधी का नाही सांगितलं."

समोरच्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि टेबलावर पितळी फुलदाणी होतीही. एवढंसं कारण. एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागू नये म्हणून या माणसानं तिला मलम देऊन घरी पाठवलं होतं. तिनं हात मांडीवर दाबून धरले.

"माझ्यासारख्या अजून किती?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही दर महिन्याला आकडा पाठवत होता. त्यात नीळकंठ एकटा नसणार."

अकरा, ते म्हणाले. त्यांच्या सगळ्या काळात मिळून अकरा पुरुष. त्यांच्या बायकांना कळवलं होतं का, हे तिनं विचारलं. दोघींना कळवलं होतं, बहुधा. बाकीच्या ठिकाणी नीळकंठसारखंच. चहा आला तेव्हा ती उठलेली होती.

दवाखान्याचे आत्ताचे प्रमुख जबलपूरकडचे होते, हिंदीत अगदी गोड बोलायचे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा नियम आहे, ती नावं तुम्हाला देता येणार नाहीत. रत्नप्रभा म्हणाली, नावं मला नकोतच. तुम्ही स्वतः कपाट उघडा, त्या बायकांना एकेकटं बोलवा आणि तपासणी करून घ्यायला सांगा. ते म्हणाले, बघू, वर विचारावं लागेल. शिवाय आपल्या भागात या रोगाचं प्रमाण फार कमी आहे, रिपोर्टमध्येच तसं आहे, तेव्हा उगाच घबराट नको.

तिनं म्हटलं, साहेब, माझी तीन वर्षं कुणी तपासणीच केली नाही. तुम्ही शोधणारच नाही, तर प्रमाण कमीच येणार.

महिना गेला, वरून काही आलं नाही. तेव्हा तिनं ते केलं, जे करू नकोस म्हणून अलका दोन दिवस रडत होती. पोरीचं चुकीचं नव्हतं. तिचं लग्न व्हायचं होतं, नोकरी नवी होती. तिसऱ्या दिवशी अलकानंच लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, बोल, मी टाइप करते.

अर्जाची सुरुवात अशी होती: मी, रत्नप्रभा नीळकंठ सोनटक्के, इस्टेट ऑफिसात कारकून, मला एचआयव्ही आहे. माझ्या पतीला तो होता हे आपल्या दवाखान्याला आठ वर्षांपासून माहीत होतं. खाली तिनं कुणाचंही नाव न घेता उरलेल्या बायकांविषयी लिहिलं आणि त्यांना कधी बोलावणार ती तारीख मागितली. एक प्रत कारखान्याच्या जनरल मॅनेजरला, एक युनियनला, एक राज्याच्या एड्स नियंत्रण कार्यालयाला.

युनियनच्या ऑफिसातून ती बातमी दुपारपर्यंत कॉलनीभर झाली. दुसऱ्या दिवशी इस्टेट ऑफिसात चहावाल्यानं तिच्यापुरता कागदी कप आणला. कुणी सांगितलं, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तिच्या टेबलासमोरची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे सरकवली होती. अर्ज घेऊन येणारी माणसं कागद दुरूनच पुढे करायची. हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी आलं नाही. शेजारची सिंधू मात्र, जिच्याशी तिचं कचऱ्यावरून दर महिन्याला भांडण व्हायचं, ती एका संध्याकाळी वाटीभर साखर मागायला आली, आत येऊन बसली आणि तासभर उठली नाही. साखर तिला नकोच होती.

अर्जाचा परिणाम व्हायला पाच महिने लागले. राज्याच्या कार्यालयातून माणूस आला, कपाट उघडलं गेलं, आणि बायकांना बोलावून समजावण्याचं काम शोभाकडे आलं. शोभानं नावं कधी सांगितली नाहीत, रत्नप्रभानं विचारली नाहीत. पण काम संपलं तेव्हा, गोळ्या न्यायला गेलेल्या रत्नप्रभाला शोभानं दार लावून घेऊन हिशोब सांगितला, कारण तो ऐकायचा तिचा हक्क होता.

अकरांपैकी एक घर तिचंच. दोघींना पूर्वीच कळवलं होतं, त्या औषधावर होत्या. दोन कुटुंबं बदलून दूर गेली होती, त्यांचा पत्ता लागला नाही. उरल्या सहा. त्यातल्या तिघी आल्या. दोघींना काही नव्हतं. एकीला होतं, पण तिच्या पेशी चारशेच्या वर होत्या, तिला साधा तापही कधी आला नव्हता.

"ती वाचली," शोभा म्हणाली. "तुमच्यामुळे."

"आणि बाकीच्या तिघी?"

शोभानं रजिस्टर मिटलं. त्या तिघी आधीच गेल्या होत्या. एक दोन हजार पाचला, एक सहाला, एक गेल्याच वर्षी. कागदावर एकीला टीबी होता, एकीला कावीळ, आणि तिसरीपुढे नुसतं अशक्तपणा असं लिहिलं होतं.

गेल्या वर्षी गेलेली ती बाई कदाचित रत्नप्रभाबरोबर त्याच ओपीडीच्या बाकावर बसलेली असेल. कदाचित तिनं सरकून जागाही दिली असेल. तिलाही कुणी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं असेल.

"या तिघींचा आकडा कुठल्या रकान्यात लिहिला?" तिनं विचारलं.

शोभा म्हणाली, कुठल्याच नाही. तपासणीच झाली नव्हती, मग त्यांना मोजणार कसं?

बाहेर अलका स्कूटर चालू करून उभी होती. आईचा चेहरा बघून तिनं काय झालं विचारलं, पण रत्नप्रभा मागे बसली आणि म्हणाली, पिपलानीला चल, आधी दवाखान्यात. तिथं प्रमुखांच्या खोलीबाहेरच्या शिपायानं सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, चारनंतर भेटतील. तेव्हा अडीच वाजले होते. रत्नप्रभानं दाराला लागून असलेली खुर्ची ओढली, पिशवीतून कोरा कागद काढला, गुडघ्यावर फाइल ठेवली आणि त्या तीन बायकांसाठी दुसरा अर्ज लिहायला घेतला.